फॉन्ट टाकून भागणार नाही



मराठी फाइल उघडावी आणि पडद्यावर इंग्रजी अक्षरं, कंस, स्वल्पविराम यांची भेळ दिसावी, हा अनुभव गावोगावच्या कार्यालयांत आहे. त्यावर सल्लाही ठरलेला: ‘फॉन्ट नाहीये, टाकून घ्या.’ या सल्ल्याने त्या दिवसाचं काम भागतं. दप्तराचं मात्र वर्षानुवर्षं नुकसान होत आलं आहे.

मीही तेच करत होतो. एका संस्थेच्या जुन्या ठरावांची फाइल पेन ड्राइव्हवर मिळाली. टाइप करणारा ऑपरेटर केव्हाच गाव सोडून गेलेला. श्रीलिपी, कृतिदेव, शिवाजी असे एकेक फॉन्ट टाकत गेलो. शेवटी डीव्हीबी-टीटी योगेशवर अक्षरं जुळली. दुसऱ्या दिवशी त्याच संगणकावर दुसऱ्याच्या लॉगिनने फाइल उघडली, तर पुन्हा भेळ! नव्या विंडोजमध्ये नुसतं ‘इन्स्टॉल’ म्हटलं की फॉन्ट त्या वापरकर्त्यापुरताच बसतो. सगळ्यांसाठी हवा असेल तर राइट क्लिक करून ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स’ निवडावं लागतं. एवढं कळायला अर्धा दिवस गेला.

खरी गोम वेगळीच आहे. या फाइलींत मराठी नसतंच. जुन्या फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले; संगणकाच्या लेखी मजकूर इंग्रजीच राहिला, वर मराठीचा मुखवटा. खात्री करायची तर 2024 मध्ये आपल्या अहमदनगर जिल्ह्याचं नाव अहिल्यानगर झालं, तेव्हाचं नाव बदलण्याचं काम आठवा. जुन्या फाइलीत युनिकोडमध्ये, म्हणजे देवनागरी अक्षरांना स्वतःचे संकेतांक देणाऱ्या पद्धतीत, ‘अहमदनगर’ टाइप करून शोधा. पानोपानी ते नाव डोळ्यांना दिसतं, पण संगणक म्हणतो, सापडलं नाही.

आमच्या हिवरे बाजारात पाऊस मोजून पाण्याचा ताळेबंद ग्रामसभेत मांडतात आणि कोणती पिकं घ्यायची ते त्यावर ठरतं. बाहेरून लोक पाहायला येतात ते बंधारे आणि झाडी. मला विचाराल तर पाहण्यासारखी आहे ती या ताळेबंदाची वही. अशा नोंदींची किंमत एका वर्षाशेजारी दुसरं वर्ष ठेवून पाहता येण्यात असते. जुन्या फॉन्टांतल्या फाइलींची गंमत अशी, की मुखवटा उतरला तरी आकडे बहुधा शाबूत राहतात, शेजारचा शब्द जातो. 42 दिसतात; ते ज्वारीचे हेक्टर की पावसाचे मिलिमीटर, कोण सांगणार?

यावर टायपिस्ट मंडळी म्हणतात, ‘इतक्या वर्षांची बोटांची सवय मोडायची का?’ मोडायची गरज नाही. कळफलक आणि फॉन्ट या दोन निराळ्या गोष्टी. टाइपरायटरच्या मांडणीनेही युनिकोड टाइप होतं. छापखान्यांची अडचण मात्र खरी आहे. पानं जुळवण्याच्या पेजमेकर या जुन्या सॉफ्टवेअरला युनिकोड मराठी कधी जमलंच नाही आणि त्यावर अजून कित्येकांचं पोट आहे. त्यांनी लग्नपत्रिका हव्या त्या फॉन्टात छापाव्यात. लग्नपत्रिका वीस वर्षांनी कोणी शोधत नाही, ठराव शोधतात. ‘मंगल’ फॉन्टातला ल आणि श हिंदी वळणाचा वाटतो, ही तक्रारही मला पटते. पण युनिकोडमध्ये फॉन्ट बदलला तरी मजकूर तोच राहतो. मंगल नको तर मुक्ता लावा, तो फुकट मिळतो.

केंद्र सरकारने ई-प्रशासनासाठी युनिकोड हे प्रमाण 2009 मध्येच ठरवलं. तेव्हा प्रत्येक ग्रामसभेने दोन ठराव करावेत: नवा कागद युनिकोडमध्येच, आणि जुन्या फाइलींचं रूपांतर याच वर्षी. रूपांतराची साधनं आहेत, पण ती ‘दऱ्या’चा ‘दर्या’ करून ठेवतात, म्हणून गावातल्याच माणसाने एकदा वाचून काढायला हवं. मूळ फाइलीची छापील प्रतही जपावी, आणि ती फॉन्ट असलेला जुना संगणक चालू आहे तोवरच काढून घ्यावी. मी पाहिलेला या उन्हाळ्यात दोनदा बंद पडला.

एक वाचक,
हिवरे बाजार, जि. अहिल्यानगर