गुंजभर सोने आणि दहा दिवसांचे काम

मराठीत सोनेरी पत्र्याला दोन नावे आहेत. एक वर्ख, दुसरे बेगड. वर्ख म्हणजे खरा धातू, कुटून कुटून फुंकरीने उडेल इतका पातळ केलेला. बेगड म्हणजे मखराला आणि ताबुताला लावायचा चकचकीत पत्रा. त्याचे काम चार दिवसांचे. या दुसऱ्या शब्दावरून आपण ‘बेगडी’ हे विशेषण केले आणि ते वस्तूंपेक्षा माणसांनाच अधिक लावले. ज्या समाजाने हा भेद भाषेत इतका जपला, त्याने चित्रापुढे उभे राहून ‘सोने खरे आहे ना?’ असे प्रथम विचारावे, यात नवल नाही. सोन्याच्या वर्खाची लहान चित्रे काढून आणि विकून मी पोट भरतो. हा प्रश्न मी जवळजवळ रोज ऐकतो. प्रश्न रास्त आहे. माझे म्हणणे इतकेच, की बहुतेकांचा हा पहिला प्रश्न शेवटचाही असतो, आणि त्यापायी या कलेची हानी होत आहे.

मी काढतो ती चित्रे तंजावरी पद्धतीची. आकार सहा इंच रुंद, आठ इंच उंच. विषय लोण्याचा गोळा घेतलेला बाळकृष्ण, गजलक्ष्मी, गणपती, आणि कुणी हौसेने सांगितलाच तर विठोबा. ही पद्धत ज्या रूपात आज ओळखली जाते, ते रूप तिला तंजावरच्या भोसले राजांच्या आश्रयाने आले. दुसरे सरफोजी राजे (कारकीर्द १७९८ ते १८३२) यांच्या काळात तिला विशेष बहर होता. त्याच राजांच्या वेळी, १८०३ साली, तेथील बृहदीश्वराच्या देवळाच्या भिंतीवर भोसले घराण्याचा इतिहास मराठीत कोरला गेला. चित्रे काढणारे हात मात्र मराठी नव्हते. ती मंडळी मुख्यतः तेलुगू मुळाची, राजू म्हणून ओळखली जाणारी. आश्रय आपला, हात त्यांचा, हे आपण अभिमान बाळगताना विसरू नये.

आम्हां बडोदेकरांना तंजावर परके वाटायचे कारण नाही. १८८० साली सयाजीराव महाराजांचा विवाह झाला तो तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी. त्याच पुढे येथे पहिल्या चिमणाबाई झाल्या. त्यांच्याबरोबर तंजावरच्या नर्तकी आणि त्यांचे साथीदार येथे आले आणि दक्षिणेचा नाच आमच्या दरबारात रुजला. त्या नाचाचे येथे पुष्कळ कौतुक होते. त्याच गावच्या चित्राबद्दल बोलताना मात्र आपण एकदम सराफकट्ट्यावर जाऊन बसतो.

तर मग सराफकट्ट्याचाच हिशेब आधी करू. सोन्याचा उत्तम पातळ वर्ख सुमारे एक दशसहस्रांश मिलिमीटर जाड असतो. म्हणजे एका ग्रॅम सोन्यातून अर्धा चौरस मीटर पृष्ठभाग मढवता येतो. माझ्या लहान चित्राचा साधारण एक तृतीयांश भाग सोन्याचा असतो: प्रभावळ, दागिने, कमान, वस्त्राचे काठ. हे सारे मिळून शंभर चौरस सेंटिमीटर भरते. म्हणजे पातळ वर्खाचा हिशेब केला तर सोने लागले एका ग्रॅमचा पन्नासावा भाग. तंजावरी कामाला वर्ख जाड घ्यावा लागतो, उठावाच्या कडांवर तो दुमडतो, काही वाया जातो. सारे धरून पाचपट मोजा. तरी ते गुंजेच्या आतच राहते. २०२५ साली सोन्याने दहा ग्रॅमला एक लाख रुपयांचा टप्पा ओलांडला. त्या भावाने गुंजेची किंमत हजार रुपयांच्या वर जाते. माझ्यासारख्याला ही रक्कम लहान नाही. पण चित्राला दहा दिवस लागतात, आणि त्या दहा दिवसांबद्दल कोणी विचारीत नाही.

त्या दिवसांत काय होते ते सांगतो. जुने कारागीर फणसाच्या लाकडाची फळी घेत. तमिळमध्ये या चित्रांना ‘पलगै पडम’ म्हणजे फळीवरचे चित्र असेच नाव आहे. आज बहुतेक जण प्लायवूड वापरतात, मीही वापरतो. त्यावर मांजरपाट ताणून चिकटवायचा. त्यासाठी चिंचोक्याची खळ किंवा बाभळीचा डिंक. त्यावर खडूची भुकटी आणि डिंक यांचे हात, एकावर एक. प्रत्येक हात वाळू द्यायचा आणि घोटायचा, बोट फिरवले तर कापड हाताला लागू नये इतका. मग रेखाटन. मग खडे बसवणे. मग खडूच्याच दाट लगद्याने उठावाचे काम: हाराचा मणी न् मणी, कमानीची वेलबुट्टी. हा लगदा एकदम जाड घातला तर वाळताना चिरतो. थोडा थोडा घालावा लागतो. पावसाळ्यात आमच्याकडे दोन दिवसांच्या जागी चार दिवस जातात, आणि घाई केली तर आतला ओलावा पुढे वर्षभराने वर्ख उचलून वर येतो. त्यानंतर वर्ख. तो जयपूरहून येतो. तेथे पन्नीगरांची वस्तीच आहे, पिढ्यान्‌पिढ्या हातोड्याने सोनेचांदी कुटणाऱ्यांची. वर्ख बसल्यावर रंग, रंगानंतर बारीक रेघ, आणि सर्वांत शेवटी चेहरा. डोळे मी सकाळच्या उजेडातच उघडतो. त्या एका तासावर आधीचे नऊ दिवस अवलंबून असतात.

आता, गिऱ्हाइकाने यातले केवळ सोनेच विचारले तर काय होते? चित्रकारही माणूस आहे. ज्याचे पैसे मिळतात तेच तो वाढवतो. प्रभावळ रुंद होते, कमान जाड होते, खडे दुप्पट होतात. वर्ख लावणे हे चेहरा काढण्यापेक्षा लवकर शिकता येणारे काम आहे. तेव्हा नवा मुलगा सहा महिन्यांत वर्ख लावू लागतो आणि चेहऱ्याकडे वळतच नाही. आज बाजारात असे कितीतरी बाळकृष्ण दिसतात की ज्यांचे दागिने पाहून डोळे दिपतात आणि तोंड पाहून हा कोणाचा मुलगा असे वाटावे. सोने खरे असते, शंभर टक्के खरे. चित्र मात्र बेगडी असते.

दुसरी गोष्ट याहून वाईट. सोन्याचीच मागणी आणि किंमत मात्र कमी हवी, या कात्रीतून पितळी वर्ख निघाला. तांबे आणि जस्ताच्या मिश्रणाचा हा पत्रा पहिल्या दिवशी सोन्याला हार जात नाही. काही वर्षांनी तो काळवंडतो. त्याच्याही पुढची पायरी म्हणजे छापील चित्र आणि त्यावर यंत्राने उमटवलेली सोनेरी पट्टी. या वस्तूंना बाजारात जागा असू नये असे मी म्हणत नाही. ज्याची ऐपत तेवढी, त्याने छापील तसबीर घ्यावी आणि भक्तिभावाने पुजावी. पण ‘नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा’ असा व्यवहार नको. पितळेला पितळ म्हणून विकावे.

सोने कमी असल्याने चित्र उणे ठरते काय? म्हैसूरची चित्रे पाहावीत. मुम्मडी कृष्णराज वोडेयर यांच्या आश्रयाने वाढलेल्या त्या पद्धतीत उठाव बेताचा आणि सोन्याचे काम नाजूक असते. दूर कशाला, आपल्या गुजरातेत पंधराव्या शतकातील जैन कल्पसूत्राच्या पोथ्यांत सोन्याची शाई वापरलेली आहे. तळहाताएवढ्या जागेत ती रेघ अजून झळकते. त्या पोथीपुढे उभा राहिलेला माणूस किती तोळे लागले असतील असे विचारीत नाही.

लहान चित्रांचाच आग्रह का, असे मला मित्र विचारतात. मोठ्या पट्टाभिषेकाला महिने लागतात. तेवढे दिवस घर कशावर चालवायचे? आणि ते घेणारा गिऱ्हाईक वर्षातून एखादा. लहान चित्र मात्र मुंजीला, वास्तुशांतीला, लेकीच्या पाठवणीला दिले जाते. गोकुळाष्टमी ते दिवाळी हा आमचा सुगीचा काळ. त्या दोन-सव्वादोन महिन्यांवर उरलेले बरेच वर्ष निघते. दुकानात ठेवले तर निम्मी किंमत दुकानात राहते. एका दुकानदाराने तर चित्राच्या पाठीवरील माझ्या नावावर स्वतःच्या दुकानाची चिठ्ठी डकवली होती. अलीकडे गिऱ्हाईक सांगतात, ‘मोबाइलवर फोटो पाठवा.’ पाठवतो. पण वर्ख फोटोत नीट येत नाही: उजेड समोरून पडला तर पांढरा दिसतो, बाजूने पडला तर काळा. पितळ आणि सोने यांत फोटोला काहीच फरक कळत नाही. हे काम समईच्या उजेडात, मान थोडी इकडेतिकडे हलवून पाहायचे असते. रावपुऱ्यातल्या एका आजी चित्र घ्यायला आल्या तेव्हा प्रथम त्यांनी खोलीतला दिवा मालवायला सांगितला. किमतीची घासाघीस त्यांनीही केली, पण कशाची किंमत करीत आहोत हे त्यांना ठाऊक होते.

कुणी म्हणेल, गिऱ्हाइकाने एवढे कसे जाणावे? तो काही कलेचा परीक्षक नव्हे. हे खरे आहे. म्हणून पहिले कर्तव्य आम्हां चित्रकारांचे. जुनी तंजावरी चित्रे बहुतेक विननावाची आहेत. कोणी काढले, कोणी उठाव घातला, काही कळत नाही. त्या काळी दरबार आणि देऊळ हेच गिऱ्हाईक असल्याने ते चालून गेले. आज चित्र अनोळखी माणसाच्या हाती जाते. तेव्हा प्रत्येक चित्राच्या पाठीवर स्वच्छ अक्षरात लिहिलेले असावे: फळी की प्लायवूड, वर्ख सोन्याचा की पितळेचा, सोने असल्यास किती कॅरटचे, खडे काचेचे की अन्य, रंग कोणते, साल कोणते, गाव कोणते, आणि ज्यांनी ज्यांनी हात लावला त्यांची नावे. हाताखालच्या मुलाने उठाव केला असेल तर त्याचेही.

गावाचे नाव मी मुद्दाम सांगतो. तंजावर चित्रांना सरकारदरबारी भौगोलिक संकेत मिळालेला आहे. ते नाव त्या प्रदेशातल्या कारागिरांच्या हक्काचे आहे. बडोद्यात बसून मी काढलेल्या चित्रावर ते नाव लावून विकणे म्हणजे त्यांच्या ताटातला घास घेणे. माझ्या चित्रांच्या पाठीवर ‘तंजावरी पद्धत, बडोद्यात केलेले’ असे लिहिलेले असते. त्यामुळे काही गिऱ्हाईक परत जातात. जावोत.

उरले घेणाऱ्यांचे काम. ते फार नाही. ज्या घरांतून देव्हाऱ्याची चांदी, पैठण्या आणि पितळेचे हंडे चार-पाच पिढ्या नीट सांभाळले गेले, त्या घरांना वस्तू पारखण्याची सवय आहेच; ती चित्रापर्यंत न्यायची एवढेच. चित्र घेताना ते उलटे करावे आणि पाठ वाचावी. पाठ कोरी असेल तर चित्रकाराला विचारावे. तो उत्तर द्यायला कुरकुरला तर चित्र परत ठेवावे. मग ते सुलटे करून प्रभावळीवर हात धरावा आणि नुसता चेहरा पाहावा. तो चेहरा रोज सकाळी देवघरात पाहावासा वाटेल काय, हे ठरवावे. त्यानंतर हात काढावा आणि सोने खुशाल विचारावे. घरी नेल्यावर ओल्या फडक्याने कधी पुसू नये, कारण सारे काम डिंकावर उभे आहे; ओलीच्या भिंतीवर टांगू नये, उदबत्ती अगदी खाली लावू नये. एवढे केले तर ते चित्र नातवंडांच्या हाती धडधाकट जाईल, आणि पाठीवरचे नावही.