पडद्यावरील नायिका आणि घरांतील कन्या

गेल्या पावसाळ्यांत दहावीच्या वर्गास आम्ही ‘माझी आवडती नायिका’ हा निबंधाचा विषय दिला. वह्या तपासतां असें दिसून आलें कीं, नायिकेचें वाहन, तिचा पेहराव आणि तिनें कोणास लगावलेली चपराक, एवढ्यांतच बहुतेकांनीं तिचें धैर्य पाहिलें होतें. एका मुलीच्या वहींत मात्र शेवटीं एक ओळ अधिक होती. अशी मुलगी आमच्या घरांत चालणार नाहीं, असें तिनें लिहिलें होतें. ती ओळ आमच्या मनांतून जाईना. म्हणून हा लेखनप्रपंच.

स्त्रीचें सामर्थ्य कशांत आहे, हें पाहावयाचें तर प्रथम ‘कुंकू’ घ्यावा. १९३७ सालीं पुण्याच्या प्रभात कंपनीनें काढिलेला व व्ही. शांताराम यांनीं दिग्दर्शित केलेला हा बोलपट ना. ह. आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर आधारलेला आहे. त्यांतील नीरेचें लग्न एका वृद्ध विधुराशीं फसवून लावितात. शांता आपटे यांनीं रंगविलेली ही नीरा हातीं शस्त्र घेत नाहीं. झालेला अन्याय मी न्याय म्हणून स्वीकारणार नाहीं, एवढेंच ती शब्दानें व आचरणानें सांगत राहते. आणि अखेर त्या वृद्धाचेच डोळे उघडतात.

जब्बार पटेल यांच्या ‘उंबरठा’ (१९८२) या चित्रपटांतील सुलभा महाजन, म्हणजे स्मिता पाटील, निराधार स्त्रियांच्या आश्रमाची व्यवस्था पाहण्यास घराबाहेर पडते. तेथील गैरकारभाराशीं ती झगडते, आणि त्याची किंमत तिला स्वतःच्या संसारानें द्यावी लागते. १९८५ सालीं दूरदर्शनवर आलेली ‘रजनी’ तर साधी गृहिणी. जेथें इतर लोक मान खालीं घालून निघून जात, तेथें ती थांबून जाब विचारी, इतकेंच. प्रिया तेंडुलकर यांची ती भूमिका लोकांच्या आजही स्मरणांत आहे.

अलीकडील ‘सैराट’ (२०१६) आमच्या विद्यार्थ्यांस पाठच आहे. नागराज मंजुळे यांची आर्ची ट्रॅक्टर हांकते, बुलेट फिरविते, हें सर्व सांगतात. परंतु जातीच्या अभिमानापायीं तिचेच आप्त तिचा जीव घेतात, आणि मागें उरतें तें एक अजाण पोर, हें किती जणांनीं निबंधांत लिहिलें? कोणींच नाहीं.

असे खेळ पाहून मुली बिघडतात, असें कांहीं पालक आम्हांस म्हणतात. शाळकरी वयांत घर सोडून जाणें यास आम्हीही सामर्थ्य म्हणत नाहीं. परंतु ज्या घरांत मुलीला मनांतलें बोलतां येतें, त्या घरांतून पळून जाण्याची तिला काय गरज? भीति पडद्याची नको; घरांतील अबोल्याची असावी.

नीतिसूत्रांच्या ३१ व्या अध्यायांत जी सद्गुणी स्त्री वर्णिली आहे, ती शेत पारखून विकत घेते, द्राक्षमळा लाविते, गरिबांस हात देते. तिचें कौतुक करण्यास मात्र कोणी प्रेक्षक लागत नाहींत. तिचीं मुलें व तिचा पतिच उठून तिला धन्य म्हणतात. सामर्थ्याचा खरा मान घरांतच व्हावयाचा असतो, हें त्यांतील मर्म होय.

आम्ही पाहतों कीं, नाट्यगृहांत व घरच्या दूरदर्शन-संचासमोर जे वडील नायिकेच्या सडेतोड उत्तरास टाळी देतात, तेच आपली कन्या ‘मला पुढें शिकावयाचें आहे’ असें म्हणाली कीं उद्धट म्हणून तिला गप्प करितात. पालकहो, हा न्याय कसा? आणि मुलांनो, तुमची बहीण बोलत असतां तुम्ही कोणाच्या बाजूनें उभे राहतां, हेंही स्वतःस विचारा.

आमच्या विद्यार्थिनीनें ती ओळ पेन्सिलीनें, अगदीं पुसट लिहिली होती. आम्ही तीस गुण दिले, परंतु ती खोडली नाहीं. ती खोडणें शिक्षकाच्या हातीं नाहीं. तें तिच्या घरच्यांच्याच हातीं आहे.