सरकारी घराचे खरे भाडे

मुंबईसारख्या शहरात ज्यास सरकारी घर मिळाले त्याचे दैव उघडले, अशी आपल्या मध्यमवर्गीय समाजाची दृढ समजूत आहे. महिन्याकाठी काही शेकडा रुपये भरून अँटॉप हिलसारख्या मध्यवर्ती भागात राहावयास मिळते, कचेरी जवळ पडते, घरमालकाची कटकट नाही. खासगी नोकरीतील मनुष्यास याचा हेवा वाटावा यात नवल नाही. परंतु त्याच वसाहतीत राहणाऱ्या कारकुनास विचारले तर तो वेगळीच कहाणी सांगेल. छत पावसाळ्यात गळते, तक्रारवहीत तीन वेळा नोंद करूनही दुरुस्ती होत नाही, आणि निवृत्तीचा दिवस जवळ येऊ लागला की कुटुंबाने कोठे जावयाचे या विचाराने झोप लागत नाही. हेवा करणारा खोटे बोलत नाही आणि गाऱ्हाणे सांगणाराही खोटे बोलत नाही. मात्र या घराचे भाडे नेमके किती, हे त्या दोघांपैकी एकासही ठाऊक नसते. सरकारने ते कधी सांगितलेलेच नाही.

नोव्हेंबर २०२५ मध्ये न्यायमूर्ती रंजना देसाई यांच्या अध्यक्षतेखाली केंद्र सरकारने आठवा वेतन आयोग स्थापन केला आणि अहवालासाठी त्यास अठरा महिन्यांची मुदत दिली. वेतन आयोग म्हटला की किमान वेतन किती आणि वाढीचा गुणक किती, एवढ्याच चर्चेला ऊत येतो. सरकारी घराच्या भाड्याचा प्रश्न त्या गदारोळात दरवेळी मागे पडतो. तो या वेळी तरी पुढे यावा, या हेतूने आम्ही आज त्याचा विचार करीत आहोत.

हे भाडे ठरविण्याची मूळ पद्धत इंग्रजी अमदानीतील आहे. १ जानेवारी १९२२ पासून अमलात आलेल्या मूलभूत नियमांत तिचा पाया सापडतो. घर बांधण्यास आलेल्या भांडवली खर्चावर ठराविक दराने आकारणी करून त्या घराचे प्रमाणभूत भाडे काढावयाचे, आणि साधारणपणे हे भाडे किंवा कर्मचाऱ्याच्या वेतनाचा दहावा हिस्सा यांपैकी जी रक्कम कमी असेल तेवढीच कापून घ्यावयाची, असा तो दंडक होता. त्यामागील विचार समजण्यासारखा आहे. सरकार आपल्या सोयीसाठी कर्मचाऱ्याची बदली करते. तेव्हा निवाऱ्यापायी त्याच्या पगाराचा दशांशाहून अधिक भाग जाऊ नये. त्याचबरोबर घर जर लहान आणि स्वस्त असेल, तर केवळ त्याचा पगार मोठा म्हणून त्याच्याकडून अधिक घेऊ नये. पगार आणि घर या दोहोंकडे पाहून हा हिशेब मांडलेला होता.

पुढे हा हिशेब किचकट वाटू लागला. प्रत्येक घराचा खर्च वेगळा, प्रत्येकाचा पगार वेगळा, आणि पगार बदलला की आकारणी पुन्हा नव्याने करावयाची. म्हणून चौथ्या वेतन आयोगाच्या अहवालानंतर, १ जुलै १९८७ पासून, केंद्र सरकारने सरसकट दराची पद्धत स्वीकारली. घराचा वर्ग आणि क्षेत्रफळ पाहून दर ठरू लागला. तो काही वर्षांच्या अंतराने सुधारावयाचा असे ठरले. त्यास नावही भाडे असे न देता ‘अनुज्ञप्ती शुल्क’ असे देण्यात आले. हा फरक केवळ शब्दांचा नव्हे. कर्मचारी हा भाडेकरू नव्हे, नोकरीमुळे राहण्याची परवानगी मिळालेला इसम आहे, आणि ती परवानगी नोकरीबरोबरच संपते, असा त्याचा कायदेशीर अर्थ आहे. हे शुल्क लहान घरांस काही शेकड्यांत आणि थोरल्या बंगल्यांसही काही हजारांतच येते. समाजास जो हेवा वाटतो तो या आकड्याचा.

परंतु हा आकडा म्हणजे खरे भाडे नव्हे. सरकारी घरात राहणाऱ्यास घरभाडे भत्ता मिळत नाही. तेव्हा त्याने सोडून दिलेला भत्ता अधिक अनुज्ञप्ती शुल्क, ही त्या घराची खरी किंमत होय. हे गणित शाळेच्या फळ्यावर मांडता येण्याइतके सोपे आहे. पाचव्या आणि सहाव्या वेतन आयोगांनंतर महानगरांतील भत्ता मूळ वेतनाच्या तीस टक्के होता. सातव्या आयोगानंतर जुलै २०१७ पासून तो चोवीस टक्क्यांवर आला. महागाई भत्ता वाढत गेला तसा तो जुलै २०२१ मध्ये सत्तावीस आणि जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा तीस टक्के झाला. मुंबई व पुणे ही दोन्ही शहरे या पहिल्या वर्गात मोडतात. नागपूर किंवा नाशिक येथे हे प्रमाण वीस टक्के, आणि लहान गावी दहा टक्के आहे.

आता मुंबईतील एकाच इमारतीत, एकाच मजल्यावर, समोरासमोर राहणारे दोन कर्मचारी घेऊ. दोघांची घरे एकाच वर्गाची, सारख्याच क्षेत्रफळाची. एकाचे मूळ वेतन ३५,४०० रुपये आणि दुसऱ्याचे ४९,००० रुपये. पहिला दरमहा १०,६२० रुपयांचा भत्ता सोडतो, दुसरा १४,७०० रुपयांचा. अनुज्ञप्ती शुल्क दोघांसही तेवढेच. म्हणजे एकसारख्या दोन घरांच्या खऱ्या भाड्यात दरमहा ४,०८० रुपयांचा फरक पडला. दुसऱ्याच्या घरास एखादी खिडकी अधिक आहे असे नव्हे. केवळ त्याची नोकरी अधिक वर्षांची आहे. जानेवारी २०२४ मध्ये भत्ता सत्तावीसवरून तीस टक्क्यांवर गेला, तेव्हा त्या पहिल्या कर्मचाऱ्याच्या वेतनावर घराचे खरे भाडे एका रात्रीत १,०६२ रुपयांनी वाढले. तशी सूचना कोणी दारावर लावली नाही आणि पगारपत्रकात तिची ओळही उमटली नाही. दरवर्षी वेतनवाढ मिळाली की हे भाडे आपोआप वाढते. छत मात्र तेथल्या तेथे गळत राहते.

१९८७ साली पगाराचा संबंध तोडून घराच्या क्षेत्रफळावर दर बसविल्याचे समाधान सरकारने मानले. वस्तुतः पुढच्या दाराने बाहेर घालविलेला पगार भत्त्याच्या रूपाने मागच्या दाराने आत येऊन बसला आहे, आणि जुन्या नियमातील ‘जे कमी असेल ते’ हे संरक्षण मात्र नाहीसे झाले आहे. आज खऱ्या भाड्याचा मोठा भाग घराकडे पाहून ठरतच नाही. घर नवे की पन्नास वर्षांचे, पाणी चोवीस तास की दोन तास, भिंतीस ओल आहे की नाही, यांपैकी कशाचाही त्या रकमेशी संबंध नाही. राज्य शासनाची पद्धतही, तपशील सोडल्यास, याच धर्तीची आहे.

याचे परिणाम दूरवर पोहोचतात. ज्या लहान गावी भत्त्याच्या रकमेत खासगी घर बरे मिळते, तेथे सरकारी घरे ओस पडतात; जेथे भत्त्यात एक खोलीही मिळणे कठीण, तेथे प्रतीक्षायादी वर्षानुवर्षे हलत नाही. घर देणाऱ्या खात्यास भत्त्याची बचत दिसत नाही, कारण ती दुसऱ्याच्या खात्यावर पडते. त्यास दिसते ते किरकोळ शुल्क, आणि तेही सरकारच्या सामान्य तिजोरीत जमा होते. ‘एवढ्याशा भाड्यात आणखी काय हवे?’ हा जो प्रश्न दुरुस्ती मागणाऱ्यास ऐकावा लागतो, त्याचा उगम येथे आहे. दरमहा अकरा हजारांच्या आसपास भाडे देणाऱ्या मनुष्यास काही शेकडे देणारा समजून वागविले जाते, आणि त्यासही आपण आश्रित आहोत असेच वाटू लागते.

याची दुसरी बाजू आम्ही झाकून ठेवू इच्छीत नाही. मुंबईच्या बाजारभावाशी ताडून पाहिले, तर भत्ता धरूनही सरकारी घर बहुधा स्वस्तच पडते. परंतु ही सवलत कोणास किती मिळते? १८,००० रुपये मूळ वेतनाचा शिपाई ५,४०० रुपयांचा भत्ता सोडून एका लहानशा घरात राहतो. २,२५,००० रुपये वेतनाचा सर्वोच्च अधिकारी ६७,५०० रुपयांचा भत्ता सोडतो आणि त्यास शहराच्या अत्यंत महाग भागात प्रशस्त निवासस्थान मिळू शकते. दोघांची घरे बाजारात भाड्याने दिली तर काय येईल याचा नुसता अंदाज केला, तरी खरी सवलत शिपायापेक्षा साहेबाच्या पदरात किती अधिक पडते हे कळून येईल. प्राप्तिकराच्या नियमांनी हा लाभ अधिकच अदृश्य केला आहे. २०२३ साली सुधारलेल्या नियमात खासगी मालकाने दिलेल्या घराचे मूल्य, चाळीस लाखांहून अधिक वस्तीच्या शहरात, पगाराच्या दहा टक्के धरण्यात आले. सरकारी नोकराच्या बाबतीत मात्र सरकारने ठरविलेले शुल्क हेच मूल्य मानण्यात आले. ते शुल्क त्याने भरलेलेच असल्याने करपात्र लाभ शून्यावर येतो. ज्या सवलतीची कोठेच नोंद नाही, ती योग्य की अयोग्य हे जनतेने ठरवावे तरी कसे?

या अपारदर्शकतेचा सर्वांत कठोर फटका बसतो तो निवृत्तीच्या वेळी. तीस वर्षांपूर्वी एकाच दिवशी नोकरीस लागलेल्या दोघांपैकी एकाने भत्ता घेतला, कर्ज काढले, डोंबिवलीस घर केले आणि रेल्वेच्या गर्दीत हाडे झिजविली. दुसऱ्याने सरकारी घर घेतले आणि ‘आपले भाडे फारच थोडे’ या समाधानात तीस वर्षे काढली. आपण दरमहा भत्ता सोडतो आहोत, तो बाजूस पडला असता तर त्यातून काय उभे राहिले असते, हा हिशेब त्यास कोणी दाखविला नाही. साठीच्या उंबरठ्यावर त्याच्या हाती घर सोडण्याची नोटीस येते. मुदतीनंतर राहिल्यास दंडाच्या दराने आकारणी होते आणि १९७१ च्या कायद्याने त्यास बाहेर काढता येते. कायद्याचे चुकते असे आम्ही म्हणत नाही. मागील माणूस हलला नाही तर रांगेतील पुढच्यास घर मिळत नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१३ साली एस. डी. बंडी प्रकरणात बेकायदा राहणाऱ्यांविरुद्ध कडक मार्गदर्शक तत्त्वे घालून दिली ती योग्यच होती. परंतु जो न सोडण्याचा हट्ट धरतो, तो नेहमीच लबाड असतो असे नाही. पुष्कळदा त्यास जावयास दुसरी जागाच नसते.

मुंबईच्या बीडीडी चाळींचा इतिहास हेच सांगतो. १९२० नंतरच्या दशकात बांधलेल्या, १६० चौरस फुटांच्या त्या खोल्यांत पोलिसांच्या कुटुंबांनी आयुष्ये काढली. नोकरी संपली तरी घर सुटेना, कारण नोकरीनेच दुसरे घर होऊ दिले नव्हते. अखेर पुनर्विकासात त्या पोलीस कुटुंबांना पंधरा लाख रुपयांत घर देण्याचा निर्णय राज्य सरकारला २०२२ साली घ्यावा लागला, आणि ऑगस्ट २०२५ मध्ये वरळीच्या चाळीतील पहिल्या रहिवाशांना नव्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. झाले ते चांगलेच झाले. पण हिशेब वेळीच मांडला नाही तर त्याची भरपाई शेवटी किती मोठ्या रकमेने करावी लागते, याचा हा धडा आहे.

सरकारी घरांचे भाडे बाजारभावाने घ्यावे, अशी सूचना काही अर्थपंडित करतील. ती आम्हांस मान्य नाही. रात्री-अपरात्री कामावर धावणारा पोलीस, रुग्णालयातील परिचारिका, रेल्वेचा सिग्नलवाला यांचे घर हे त्यांच्या कामाचेच एक साधन आहे. सवलत असावी, परंतु ती उघड असावी आणि न्याय्य असावी. त्यासाठी आयोगाने चार गोष्टी कराव्यात. पहिली, प्रत्येक पगारपत्रकावर सोडलेला भत्ता आणि अनुज्ञप्ती शुल्क यांची बेरीज ‘घराचे खरे भाडे’ म्हणून छापली जावी. दुसरी, घराचे वय आणि अवस्था पाहून त्यास प्रत लावावी, आणि निकृष्ट घरात राहणाऱ्यास भत्त्याचा काही भाग परत मिळावा. असे झाले तर गळके छत हे सरकारच्याही खर्चाची बाब होईल आणि दुरुस्तीस आपोआप गती येईल. तिसरी, शुल्काची रक्कम त्याच वसाहतीच्या देखभालीसाठी राखून ठेवावी. चौथी, थोरल्या निवासस्थानांवरील सवलतीचा अंदाजी आकडा दरवर्षी प्रसिद्ध व्हावा.

यांत क्रांतिकारक असे काही नाही. घराकडे पाहून घराचे भाडे ठरवावे आणि देणाऱ्यास ते किती आहे ते सांगावे, एवढीच साधी मागणी आहे. शंभर वर्षांपूर्वीच्या परकीय सरकारने, आपल्या अधिकाऱ्यांपुरता का होईना, पगार आणि घर या दोहोंचा मेळ घालण्याचा प्रयत्न केला होता. स्वराज्यातील शिपायास आणि कारकुनास निदान तेवढा न्याय मिळावयास हवा. आयोगापुढे निवेदने जातील तेव्हा कर्मचारी संघटनांनीही केवळ भत्त्याची टक्केवारी वाढवून मागू नये. टक्केवारी वाढली की घराबाहेर राहणाऱ्याच्या हाती चार पैसे अधिक येतील. पण त्याच दिवशी सरकारी घरात राहणाऱ्या त्यांच्याच सभासदाचे भाडे, त्याच्या नकळत, पुन्हा एकदा वाढलेले असेल.