खुर्ची ब्रिटनची, मते जगाची

नोव्हेंबर 2017 मध्ये हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयातील एका जागेसाठी भारताचे दलवीर भंडारी आणि ब्रिटनचे ख्रिस्तोफर ग्रीनवुड समोरासमोर उभे ठाकले. भंडारी एके काळी मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायमूर्ती होते. 1946 पासून या न्यायालयात ब्रिटनचा न्यायाधीश नाही, असे कधी घडले नव्हते. जणू ते वडिलोपार्जित वतनच!

इथे निवडून येण्यासाठी संयुक्त राष्ट्रांची आमसभा आणि सुरक्षा परिषद या दोन्हीकडे बहुमत लागते. 13 नोव्हेंबरला आमसभेत भंडारींना 121 आणि ग्रीनवुडना 68 मते पडली. परिषदेत नेमके उलटे झाले. ग्रीनवुडना 9, भंडारींना 5. फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या तरी कोंडी सुटेना. जगाचा कौल एक आणि 15 जणांच्या बंद खोलीतला दुसरा!

या निवडणुकीत व्हेटो चालत नाही आणि मतदान गुप्त असते. बड्यांना उघडपणे दुखवण्याची हिंमत नसलेले देशही इथे मनासारखे मत देऊ शकतात. शिवाय ब्रिटनचा दबदबा ओसरत चालला होताच. त्याच वर्षी जूनमध्ये चागोस बेटांचा वाद या न्यायालयापुढे नेण्याचा मॉरिशसचा ठराव आमसभेत 94 विरुद्ध 15 मतांनी मंजूर झाला होता आणि युरोपातले बहुतेक मित्र ब्रिटनच्या मदतीला धावण्याऐवजी तटस्थ बसले होते. अखेर 20 नोव्हेंबरला ब्रिटनने माघार घेतली.

आपल्याकडे लगेच सुरक्षा परिषदेतील कायम जागेची स्वप्ने रंगू लागली. पण हीच गुप्त मतपेटी 1996 मध्ये आपल्यावर उलटली होती. परिषदेच्या दोन वर्षांच्या जागेसाठी जपानला 142 मते मिळाली, आपल्याला अवघी 40. ती आठवण कुणाला नको असते.

कायम जागेचे गणित तर निराळेच आहे. त्यासाठी सनद बदलावी लागते. आमसभेत दोन तृतीयांश मते मिळवली तरी पाचही कायम सदस्यांची मान्यता हवी, म्हणजे किल्ली पुन्हा त्यांच्याच कनवटीला. 1965 मध्ये परिषद 11 वरून 15 सदस्यांची झाली, पण वाढलेल्या चारही खुर्च्या दोन-दोन वर्षांच्या आणि बिनव्हेटोच्या होत्या.