सभाध्यक्ष चिठ्ठीनें निवडावा कीं हात वर करून?



विधानसभेचा अध्यक्ष कसा निवडतात याच्याशीं केळीचे घड कापणाऱ्या माणसाला काय कर्तव्य, असा प्रश्न फैजपूरच्या बाजारांत एका गृहस्थांनीं मला केला. प्रश्न रास्त आहे. कापसाच्या भावावर किंवा केळीच्या पीकविम्यावर आपल्या आमदारास बोलावयास मिळेल कीं नाहीं, हें ती खुर्ची ठरविते. शिवाय १९८५ च्या पक्षांतरबंदी कायद्यापासून, पक्ष सोडणाऱ्याची आमदारकी राहील कीं जाईल, याचा निवाडाही प्रथम तीच खुर्ची करते. ही खुर्ची आपल्या खानदेशास परकीही नाहीं. शेजारच्या खिरोद्याचे मधुकरराव चौधरी १९९० ते १९९५ तिच्यावर बसले होते, आणि चोपड्याचे अरुणभाई गुजराथी १९९९ ते २००४.

आतां हकीकत ऐका. एकाहून अधिक उमेदवार उभे राहिले तर आपल्या विधानसभेचा अध्यक्ष गुप्त चिठ्ठीनें निवडावा, असा पूर्वीं नियम होता. फेब्रुवारी २०२१ मध्यें नाना पटोले यांनीं अध्यक्षपद सोडलें. तेव्हां महाविकास आघाडीचें राज्य होतें. चिठ्ठी ठेवली तर आपलींच माणसें फुटतील ही धास्ती उघड दिसत होती; म्हणून डिसेंबर २०२१ च्या अधिवेशनांत नियमच बदलला. चिठ्ठी गेली, उघड मत आलें. राज्यपाल कोश्यारी यांनीं हरकत घेतली व निवडणूक अडली. आपल्या जामनेरचे आमदार गिरीश महाजन हायकोर्टांत गेले. कोर्टानें त्यांना आधीं दहा लाख रुपये भरावयास लावले, आणि ९ मार्च २०२२ रोजीं अर्ज फेटाळला.

पुढें जूनमध्यें शिवसेना फुटली, राज्य गेलें, आणि ३ जुलै २०२२ रोजीं एकेका आमदाराचें डोकें मोजून राहुल नार्वेकर १६४ विरुद्ध १०७ मतांनीं अध्यक्ष झाले. नियम तोच, आघाडीनें केलेला! ज्या पक्षाचे आमदार चिठ्ठीसाठीं कोर्टाची पायरी चढले होते, त्या पक्षाला आतां चिठ्ठीची आठवण राहिली नाहीं. आणि ज्यांनीं कांटा पेरला, त्यांच्याच पायांत तो रुतला. दोन्ही बाजूंना नियम नको होता. हवी होती ती सोय.

याहून वाईट गोष्ट पुढेंच आहे. त्या दिवशीं उद्धव ठाकरे यांच्या बाजूच्या व्हीपनें साळवी यांना मत देण्याचा आदेश काढला होता. तो मोडून ज्यांनीं नार्वेकरांना मत दिलें, त्यांना अपात्र करा असे अर्ज झाले. अर्जांत इतर कारणेंही होतीं. परंतु अर्ज ऐकणार कोण? स्वतः नार्वेकर! १० जानेवारी २०२४ रोजीं निकाल लागला, कोणीही अपात्र ठरला नाहीं. निकाल खरा कीं खोटा, हें मी खेड्यांतला मास्तर सांगत बसत नाहीं. पण ज्यांनीं उचलून पंचाला पाटावर बसविलें, त्यांच्याच अपराधाची चौकशी त्या पंचापुढें, आणि अपराध कोणता, तर पंचाला बसविल्याचा! चिठ्ठी असती तर कोणाचें मत कोणाला, हें कळलेंच नसतें, आणि त्या मतापुरता तरी हा खटला उभा राहिला नसता.

कोणी म्हणेल, आमदार हा आपला चाकर. त्याचें मत मालकाला दिसूं नये काय? कायद्यावर, अंदाजपत्रकावर तें दिसलेंच पाहिजे. तेथें चिठ्ठी मागेल तो आपल्यापासून कांहीं लपवितो असें समजावें. परंतु अध्यक्ष निवडतांना आमदाराचा उघड हात आपण पाहण्याआधीं त्याचा पक्षधनी पाहतो. सालदारानें मालकासमोर हात वर करावा, तसा तो हात आहे. चिठ्ठीनें मतें विकलीं जातात, ही भीति मात्र खोटी नाहीं. २० जून २०२२ रोजीं विधान परिषदेची निवडणूक गुप्त मतानें झाली. मतें फुटलीं आणि चंद्रकांत हंडोरे पडले. तरीही विकत घेणाऱ्याला आपला माल पेटींत पडला कीं नाहीं, हें चिठ्ठींत दिसत नाहीं. उघड मतांत तें लागलीच दिसतें.

कॅनडांत १९८६ पासून आणि विलायतेच्या पार्लमेंटांत २००९ पासून सभापति गुप्त मतानें निवडतात. आपल्या लोकसभेंत उघड ठराव होतो. १९५२ सालीं मावळणकरांविरुद्ध शेतकरी कामगार पक्षाचे शंकरराव मोरे उभे राहिले आणि ३९४ विरुद्ध ५५ असे हरले. तेवढा फरक चिठ्ठीनें कांहीं उलटला नसता. चिठ्ठीचा उपयोग आहे तो जेथें घासाघीस आहे तेथें.

एक जवळचा प्रसंग सांगतों. उपसरपंच निवडतांना एखाद्या सभासदानें मागितली तर चिठ्ठी मिळते. एका गांवीं मजूर बाईनें ती मागितली. उमेदवार तोच, ज्याच्या बागेंत ती रोजानें जात असे. चिठ्ठी मिळाली, पण मागणारी ती एकटीच, तेव्हां तिचें मत कोणीकडे गेलें हें पेटी उघडण्याआधींच साऱ्यांना कळलें. दुसऱ्या दिवसापासून त्या बागेंत तिला काम नव्हतें. म्हणून मी म्हणतों, चिठ्ठी मागून मिळण्याची वस्तु नसावी. ती नियमांतच लिहिलेली असावी, गांवींही आणि मुंबईसही.

तुमचा आमदार मतें मागावयास दारीं येईल, तेव्हां तो कोणत्याही बाजूचा असो, त्याला एवढें विचारा: २०२१ सालीं काढून टाकलेली चिठ्ठी परत आणण्याचा ठराव तुम्ही मांडाल काय? आणि तुमचें राज्य असतांनाही मांडाल काय?