मोटरहोममधली आंघोळ : काळजी पाण्याची की हवेची?

मोटरहोमने सहलीला निघताना बहुतेकांना एकच चिंता असते, गरम पाणी पुरेल का? अनेक गाड्यांत गरम पाण्याची टाकी जेमतेम 10 लिटरची असते. अंग ओले करा, नळ बंद करून साबण लावा, मग पाणी घ्या; तेवढ्यात भागते. माझ्या मते खरी काळजी हवेची करायला हवी.

पाणी गॅसवर तापत असेल आणि धूर गाडीबाहेर जात नसेल, तर कार्बन मोनॉक्साइड आत साठतो. त्याला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा 200 पटींहून अधिक घट्ट चिकटतो. डोके दुखते, मळमळते, चक्कर येते आणि आपण म्हणतो, 'गाडी लागली.' पण गाडी उभी असतानाही असे होत असेल, त्यातही एकाच वेळी दोघा-तिघांना, तर सगळे लगेच मोकळ्या हवेत या आणि रुग्णालय गाठा. बोटाला लावलेला ऑक्सिमीटर 98 दाखवत असला तरी त्यावर विसंबू नका. त्याला हा वायू ओळखता येत नाही.

म्हणून धूर बाहेर सोडणारी नळी नसलेला गॅस गिझर गाडीत नकोच. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म मात्र हवाच. घरच्या बाथरूमलाही हाच नियम लावा.