यंत्रमागाच्या वसाहतीत दातांची सफाई कोणी करायची?

सोलापूर : अक्कलकोट रोड एमआयडीसीतील धोक्यांचा विषय निघाला की आज पहिली चर्चा आगीची होते, आणि ते स्वाभाविकच आहे. १८ मे २०२५ च्या पहाटे येथील एका टॉवेल कारखान्याला लागलेल्या आगीत आठ जणांचा बळी गेला. कारखान्याच्या आवारातच राहणाऱ्यांना बाहेर पडता आले नव्हते. त्यानंतर आपत्कालीन मार्ग, अग्निशमन यंत्रणा, परवाने यांवर बरेच बोलले गेले. मात्र सुताच्या याच ज्वालाग्राही स्वभावातून निघालेला दुसरा एक धोका कोणाच्या बोलण्यात येत नाही. तो कामगाराच्या तोंडात आहे.

कापसाचा कस उडणाऱ्या शेडमध्ये विडी-सिगारेट पेटविता येत नाही, पेटवूही नये. बारा-बारा तासांच्या पाळीत, विशेषतः रात्रपाळीत, डोळा लागू नये म्हणून मग तंबाखूची चिमूट गालात जाते. घशात कस अडकत नाही, अशीही एक समजूत तिला जोडलेली आहे. धूर नाही, ठिणगी नाही आणि माग सोडून बाहेर जावे लागत नाही, यामुळे मालकाची हरकत नसते आणि कामगाराची मजुरीही बुडत नाही. परिणाम दिसायला पुढे दहा-पंधरा वर्षे लागतात.

या सवयीचे प्रमाण राज्यभरच मोठे आहे. २०१६-१७ च्या जागतिक प्रौढ तंबाखू सर्वेक्षणानुसार महाराष्ट्रात धूम्रपान करणारे प्रौढ ३.८ टक्के होते, तर धूरविरहित तंबाखू वापरणारे २४.४ टक्के. म्हणजे दर चार प्रौढांमागे जवळजवळ एक. गुटख्यावर राज्याने २०१२ मध्येच बंदी घातली. पण तंबाखू आणि चुना वेगवेगळा विकत घेऊन तळहातावर मळणाऱ्याला त्या बंदीचा अडथळा नाही.

सोलापुरात या चित्राला आणखी एक बाजू आहे. एमआयडीसीच्या भोवतीच्या नीलमनगर, सुनीलनगर या वस्त्यांत आणि अक्कलकोट रस्त्यावरच पुढे कुंभारीच्या विडी घरकुलात अनेक घरांत नवरा मागावर आणि बायको विड्या वळण्यावर, अशी विभागणी पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. कुंभारीला कॉम्रेड गोदूताई परुळेकर यांच्या नावाची दहा हजार घरांची वसाहत उभी राहिली. जवळच्या रे नगरातील पंधरा हजार घरे जानेवारी २०२४ मध्ये कामगारांच्या ताब्यात देण्यात आली. घराचा प्रश्न सोलापूरच्या कामगार चळवळीने असा देशाला दिसेल इतक्या मोठ्या प्रमाणावर हाती घेतला. त्या घरांतील किती तरी स्त्रिया सकाळी दात घासतात ते मात्र मिश्रीने. तव्यावर भाजून काळी केलेली तंबाखूची ही पूड त्यांच्या लेखी व्यसन नाही, दंतमंजन आहे. दाढ दुखली की तीच औषध होते.

येथे नेमके कोणते काम करायला हवे, याचा विचार केला की एका दुर्लक्षित व्यवसायाचे नाव पुढे येते : डेंटल हायजिनिस्ट. दातांवरील कीट काढणे, दात स्वच्छ व गुळगुळीत करणे आणि तोंडाची निगा कशी राखावी हे शिकविणे, हे त्याचे किंवा बहुधा तिचे काम. ही कल्पना आपल्याकडे नवी नाही. १९४८ च्या दंतवैद्यक कायद्यात दंतवैद्य आणि कवळ्या तयार करणारा डेंटल मेकॅनिक यांच्याबरोबर हायजिनिस्टचीही व्याख्या आहे, स्वतंत्र नोंदवही आहे, आणि नोंदणी नसलेल्याने दातांची सफाई करू नये असे बंधनही आहे. बारावी विज्ञानानंतर दोन वर्षांची पदविका असे शिक्षणाचे साधारण स्वरूप. मुंबईच्या शासकीय दंत महाविद्यालयात असा अभ्यासक्रम आहे. स्वतंत्र दवाखाना थाटण्याचा हा परवाना नव्हे. काम दंतवैद्याच्या देखरेखीखाली करायचे असते.

या व्यवसायाचा जन्म गिरण्या-कारखान्यांच्या गावातच झाला. अमेरिकेतील कनेटिकट राज्यातील ब्रिजपोर्ट या औद्योगिक शहरात डॉ. आल्फ्रेड फोन्स या दंतवैद्याने १९०६ मध्ये आपल्या दवाखान्यातील साहाय्यक आयरीन न्यूमन यांना दात साफ करण्याचे शिक्षण दिले आणि १९१३ मध्ये अशा साहाय्यकांची पहिली शाळा काढली. तेथून बाहेर पडलेल्या स्त्रियांना गावातील शाळांत पाठविण्यात आले. त्याच सुमारास, १९११ मध्ये, शेजारच्या मॅसॅच्युसेट्स राज्याने विणकरांना धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून धागा काढायला लावण्यावर बंदी घातली होती. धोटा एकाच्या तोंडातून दुसऱ्याच्या तोंडी जाई आणि त्याबरोबर रोगही. विणकराचे तोंड हा कारखान्याच्या आरोग्याचा भाग आहे, हे शंभर वर्षांपूर्वी एका सरकारला पटले होते.

आज अमेरिकेत दंतवैद्य सुमारे दोन लाख आणि हायजिनिस्टही जवळपास तितकेच आहेत. भारतात २०१८ च्या सुमारास नोंदणीकृत दंतवैद्य अडीच लाखांवर गेले होते. हायजिनिस्टची संख्या त्यांच्यापुढे नगण्य. कारण शोधायला फार दूर जावे लागत नाही. देशात तीनशेहून अधिक दंत महाविद्यालये आहेत, एकट्या महाराष्ट्रात तीसहून अधिक. दरवर्षी इतके पदवीधर बाहेर पडतात की नवा बीडीएस झालेला तरुण कमी पगारावर मिळतो. मग पदविकाधारकाला कोण ठेवणार? दवाखान्यात असते ती बहुतेक वेळा कामावर शिकलेली मदतनीस. ती हत्यारे उकळते, पावत्या फाडते. सफाई डॉक्टर करतात आणि शिकविण्याचे काम राहून जाते. दंतवैद्याचा अर्धा तास रूट कॅनॉलला लागला तर त्याचे मोल मिळते. मिश्री सोडण्याविषयी अर्धा तास बोलण्याचे बिल कोणाच्या नावे फाडायचे, याला उत्तर नाही. संसदेने २०२३ मध्ये राष्ट्रीय दंत आयोगाचा कायदा मंजूर केला. त्यात दंतसाहाय्यक वर्गाच्या नोंदवहीचीही तरतूद आहे. नोंदवहीने ओळख मिळेल. नोकरी मिळायची तर पदे निर्माण व्हावी लागतील.

अशा वसाहतीत काम करणाऱ्या हायजिनिस्टचा दिवस पाठ्यपुस्तकातल्यासारखा जाणार नाही. पहिली अडचण वेळेची. मागावरची मजुरी कापडावर आणि विडीची हजारावर ठरते. दवाखान्यात गेलेली सकाळ म्हणजे बुडालेली कमाई. त्यामुळे रुग्ण येतो तो दुखणे असह्य झाल्यावर आणि एकच मागणी घेऊन : दात काढून टाका. दहा ते एकच्या वेळेत या भागात हायजिनिस्टने वाट पाहत बसण्यात अर्थ नाही. पाळी बदलण्याच्या आगेमागे आणि साप्ताहिक सुटीच्या दिवशी खुर्ची मोकळी ठेवली तरच ती भरेल. रात्रपाळी करून आलेला माणूस बहुधा उपाशी आणि पेंगुळलेला असतो. आधी त्याने काही खाल्ले आहे का, मधुमेह, हृदयविकार किंवा रक्त पातळ करण्याची गोळी चालू आहे का, हे विचारल्याशिवाय हत्यार हाती घेऊ नये.

दुसरी अडचण बोलण्याची. यंत्रमागाच्या शेडमधला आवाज नव्वद डेसिबलच्या आसपास किंवा त्याहून वर असतो. वर्षानुवर्षे त्यात काम केलेल्यांना कमी ऐकू येते आणि ते समोरच्याचे ओठ वाचतात. मास्क लावून पाठीमागून दिलेल्या सूचना त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत. सूचना आधी, मास्क उतरवून, समोर बसून द्याव्यात; हातात आरसा देऊन कीट आणि रक्त येणारी हिरडी रुग्णाला स्वतःला दाखवावी. शिवाय हे सोलापूर आहे. पद्मशाली घरांत तेलुगू, अक्कलकोटकडून येणाऱ्यांची कन्नड आणि इतर अनेक घरांत दखनी चालते. हिरडी, कीट, चूळ, थुंका, दुखले तर हात वर करा, एवढे शब्द चारही भाषांत येणारी हायजिनिस्ट येथे पदवीपेक्षा अधिक उपयोगी पडेल.

प्रश्न विचारण्याचीही एक पद्धत आहे. ‘तंबाखू खाता का?’ या प्रश्नाला मिश्री लावणारी स्त्री प्रामाणिकपणे ‘नाही’ म्हणते. ‘दात कशाने घासता? दिवसातून किती वेळा?’ असे विचारले की खरे उत्तर मिळते. ‘सोडा’ एवढे सांगून ती सुटत नाही. तिच्या हाती मऊ ब्रश आणि फ्लोराइडयुक्त पेस्ट द्यावी लागते, दिवसातून चार वेळा लावणारीला आधी दोनवर आणावे लागते, आणि दुखणाऱ्या दाढेवर खरा उपचार करवून द्यावा लागतो. नाही तर औषध म्हणून मिश्री परत येते. तंबाखू सोडू इच्छिणाऱ्यांसाठी १८००-११-२३५६ हा राष्ट्रीय निःशुल्क क्रमांक आहे. तो चिठ्ठीवर लिहून देणे हेही तिचेच काम.

सफाईबद्दलचा सर्वांत पक्का गैरसमज म्हणजे ‘मशिन लावल्यावर दात हलू लागतात’. वस्तुतः वर्षानुवर्षांचे कीटच हलत्या दातांना धरून बसलेले असते. ते निघाले की फटी जाणवतात, दात काही दिवस शिवशिवतात. हे खुर्चीवर बसविण्याआधी सांगितले तर ती माहिती ठरते. नंतर सांगितले तर सबब वाटते. घरकुलासारख्या वसाहतीत एका रुग्णाची तक्रार दुसऱ्या दिवशी पूर्ण गल्लीत पोचलेली असते.

स्वतःच्या जिवाची काळजी हा या कामाचा पोटभाग नाही. अल्ट्रासॉनिक स्केलरच्या फवाऱ्याबरोबर रुग्णाची लाळ आणि रक्त हवेत उडते. कोविडनंतर हे सर्वांनाच कळले. मास्क, चष्मा आणि प्रत्येक रुग्णाला नवे हातमोजे हवेत. हिपॅटायटिस बीच्या लशीचे तीन डोस नोकरीच्या पहिल्या दिवसाआधी सुरू झालेले असावेत. खर्च मालक डॉक्टरने करावा, असा आग्रह धरण्यात संकोच कशाला? सकाळी पहिल्या रुग्णाआधी नळीतील पाणी दोन मिनिटे आणि दोन रुग्णांच्या मध्ये अर्धा मिनीट वाहू द्यावे. हत्यारे नुसती उकळून निर्जंतुक होत नाहीत. ऑटोक्लेव्हमध्ये १२१ अंशांवर किमान पंधरा मिनिटे, पाकिटबंद असतील तर त्याहून अधिक वेळ द्यावा लागतो. स्केलरचे टोक दोन मिलिमीटर झिजले की त्याची निम्मी शक्ती जाते. ती भरून काढायला हात जोर लावतो, रुग्णाला दुखते आणि मनगटही जाते. मान, पाठ, मनगट यांची दुखणी जगभरच्या हायजिनिस्टना होतात. दिवसभर वाकून विड्या वळणाऱ्या बाईची मान आणि तिचे दात साफ करणारीची मान एकाच कारणाने धरते, हा योगायोग नव्हे. रुग्णाची खुर्ची आपल्या कोपराच्या उंचीवर आणावी, आपण वाकू नये. अवघड सफाया लागोपाठ घेऊ नयेत.

तरीही या भागातील हायजिनिस्टचे सर्वांत मोलाचे काम स्केलर हाती घेण्याआधीच्या दोन मिनिटांत होते. रुग्णाला स्वतःची तीन बोटे एकावर एक उभी तोंडात घालायला सांगावे. बोटे जात नसतील तर सुपारी-गुटख्याने आतली त्वचा आखडत चालल्याची शंका घ्यावी. मग गालाची आतली बाजू, तंबाखू ठेवण्याची जागा, जिभेच्या कडा आणि जिभेखाली उजेड टाकून पाहावे. पांढरा चट्टा, लाल चट्टा, दोन आठवड्यांत न भरलेला व्रण यांपैकी काही दिसले तर निदान करणे तिच्या अधिकारात नाही. पण दंतवैद्याला त्याच वेळी दाखविणे आणि रुग्ण पुढे गेला की नाही याची नोंद ठेवणे तिच्या हाती आहे. सोलापुरात शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे सर्वोपचार रुग्णालय आहे. जिल्ह्यातच बार्शीला नर्गिस दत्त कर्करोग रुग्णालय आहे आणि १९८७ पासून ग्रामीण कर्करोग नोंदणीचे काम तेथे चालते. म्हणजे उपचाराची सोय जिल्ह्याबाहेर शोधावी लागत नाही. उणीव आहे ती कामगाराला तेथवर वेळेत पोचविणाऱ्या पहिल्या नजरेची.

पदे निर्माण होण्याची एक शक्यता आता दिसते आहे. नवी व्यवसायजन्य सुरक्षा व आरोग्य संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली. चाळिशीपुढील कामगारांची वर्षातून एकदा मोफत आरोग्य तपासणी मालकाने करून द्यावी, असे तिच्यासंदर्भात केंद्राने जाहीर केले आहे. ही तपासणी रक्तदाब, साखर आणि छातीच्या फोटोवर आटोपणार, की तिच्या तक्त्यात तोंडाचाही रकाना असणार? एकेका छोट्या कारखान्याला हायजिनिस्ट परवडणार नाही. पण वसाहतीतील कारखानदारांनी मिळून एक दंतवैद्य, दोन हायजिनिस्ट आणि एक फिरती खुर्ची यांचा खर्च वाटून घेतला, तर तो प्रत्येकाच्या हिशेबात फारसा जाणवू नये. राज्य कामगार विमा योजनेची वर्गणी मालक ३.२५ टक्के आणि कामगार ०.७५ टक्के अशी २०१९ पासून भरतातच. महिना २१ हजार रुपयांपर्यंत वेतन असलेल्यांना ती लागू आहे. तिच्या दवाखान्यांत हायजिनिस्टची जागा मागण्याचा हक्क दोघांनाही आहे.

घरी बसून विड्या वळणारी स्त्री मात्र या व्यवस्थेच्या कडेलाच राहते. तिचा कारखाना म्हणजे तिचे घर, आणि कारखान्यातल्या तपासणीच्या दिवशी तिला बोलावणे येणार नाही. तिच्यासाठी खुर्ची कुंभारीलाच न्यावी लागेल. शासनाच्या असंसर्गजन्य रोग कार्यक्रमात तिशीपुढील सर्वांच्या मुखतपासणीची तरतूद आधीच आहे. आशा कार्यकर्त्या घरोघर जाऊन माहिती भरतातही. त्यांच्याबरोबर महिन्यातून दोन दिवस एक हायजिनिस्ट दिली, तर कागदावरची ही मुखतपासणी निदान टॉर्चच्या उजेडात होईल.